खालून वाच

गटाकडे अठरा गंज, अकरा पराती,
दोनशे चाळीस ताटं, आणि एक कढई
जिला उचलायला दोन गडी लागतात.
कोणाच्या तेरवीला काय गेलं,
कोणाच्या साखरपुड्यातून काय परत आलं,
सगळं पंचफुला मावशीच्या वहीत.
वही एकदा रांजणाजवळ भिजली.
म्हणून मी म्हटलं, मी वेबसाइट करते.
दर्यापूरला सहा महिने क्लास,
मोठ्या भावाचा लॅपटॉप,
आणि हे म्हणणं.

पहिल्या रात्री जँगो चाललाच नाही.
चाळीस ओळी लाल.
मी वरून वाचत गेले, सातव्या ओळीला रडू आलं.
कधी न उघडलेल्या फोल्डरांची नावं,
जसं काही साऱ्या गावाशी माझं भांडण.

मावशी चमचे मोजत होती.
"काय म्हन्ते ते?"
चुकलं म्हणते, म्हटलं. कुठं ते सांगत नाही.
"मंग खालून वाच नं वं, आसलेसा.
मयतीच्या चिठ्ठीत वरतं सारं खानदान राह्यते,
मेलं कोन, ते खालीच."

खाली होतं: नो सच टेबल.
"टेबल नाही म्हणते, मावशी."
"आंगनवाडीतून आना."

पण टेबल खरंच नव्हतं.
गंज मी लिहिला होता, त्याचं माप, त्याचं भाडं,
मायग्रेट तेवढं राहिलं होतं.
यादी झाली,
खोलीत भांडं आलंच नाही.

दुसऱ्या रात्री आठ हजार नंबरचा पोर्ट
कोणीतरी आधीच अडवलेला.
कोणी? मीच.
काळी खिडकी मी झाकली होती, बंद केली नव्हती.
माझा कालचा सर्व्हर आत तसाच,
एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल.

मग कढईचा फोटो येईना.
फोल्डरच्या नावात एक एस जास्त.
मग ओळ आत सरकली म्हणून ओरडला:
वर चार स्पेस, खाली एक टॅब,
डोळ्याला दोन्ही सारखेच रिकामे.
या भाषेत मोकळी जागाही मोजून द्यावी लागते,
खारपाणपट्ट्यातल्या गोड्या पाण्यासारखी.
एकदा दोन तास बदल दिसेना,
मी सेव्हच केलं नव्हतं.
हे मावशीला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात एक परात कमी भरली.
मावशी ओरडली नाही.
"मंगळवारी अकरा होत्या नं?
मंग मंगळवारपासून कोन आलं-गेलं तेवढंच पाह्य.
साऱ्या गावाची झडती काऊन घेतं?"
तेव्हापासून मी एका वेळी एकच ओळ बदलते,
चालवून बघते,
मगच दुसरीला हात.

साइट उघडली. अठराच्या अठरा गंज, फोटोसकट.
मी पत्ता गटावर टाकला,
एकशे सत्तावीस, टिंब, शून्य, टिंब, शून्य, टिंब, एक.
नऊ बायकांचे नऊ निरोप: उघडत नाही.
बेबीताई खंडारे म्हणाली, आमच्याइकडं रेंज नसंल.
माझ्याकडे तर लख्ख उघडत होती!
रात्रभर कोड उलटापालटा केला.
सकाळी क्लासच्या सरांना फोन लावला, ते हसतच सुटले.
त्या आकड्यांचा अर्थ, म्हणाले, "मी स्वतः."
नऊ फोननी माझी कढई
आपापल्याच घरात शोधली होती.

आता ती बाहेर कुठं ठेवायची, ते शिकते आहे.
तोवर मावशीच येते, लॅपटॉपला टेकून बसते.
"लिह्य. मोठी कढई, खंडारेच्या घरी, बुधवार."
मी लिहिते. ती स्क्रीनकडे बघते,
आणि मग वहीतही लिहिते.
मी काही बोलत नाही.
रोज रात्री मीही एक नक्कल
पेनड्राइव्हवर काढून ठेवते.

साइटवर पराती अकरा,
खोलीत दहा.
यात मात्र जँगोची काही चूक नाही.